नाशिक: दोन दिवस, तीन कुलुपं आणि एक 'जुनं आहे'

चाफेकळी | रविवार, रात्री १०.२०

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं दोन दिवस नाशकात जाऊन आलो. वणी नाही, त्र्यंबक नाही, द्राक्षाचे मळे नाहीत. फक्त संग्रहालयं आणि चित्रदालनं बघायची असं ठरवून गेलो होतो. हसून घ्या आधी.

ठरवायला कारण होतं. बाबा बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुनी नाणी जमवतात. लेक सहावीत आहे, सातवाहन नुकतेच पाठ करून परीक्षेत लिहून आलाय. मला चित्रं बघायला आवडतात. आम्ही डोंबिवलीचे. शनिवारी कल्याणहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली, पुरणपोळ्यांचा डबा घेतला, आणि वहीत सहा ठिकाणांची यादी.

नावं मुद्दाम लिहीत नाही. एका ठिकाणी शिपाईबुवा एकटे चार खोल्या सांभाळत होते, उगाच त्यांच्यावर यायला नको.

पहिलं ठिकाण, रविवारी सकाळी अकरा. दार उघडं, आत अंधार. शिपाईबुवा पुढे जाऊन एका खोलीतला दिवा लावायचे, आम्ही शिरायचो, आम्ही बाहेर पडलो की मागचा दिवा बंद. त्यामुळे मागे वळून काही पुन्हा बघायचं म्हटलं तर सोय नाही. एका मूर्तीपुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत. बाकीच्यांपुढे पाट्या, त्यांवर मजकूर असा: 'मूर्ती. दगड. मध्ययुगीन.' लेक म्हणाला, "आई, दगडाची आहे हे दिसतंय की." मग त्याने शिपाईबुवांनाच विचारलं, हे काय आहे? त्यांनी मूर्तीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "जुनं आहे."

दुसरं ठिकाण चित्रांचं. तिथे सेल लागला होता. चादरी, गाऊन, स्टीलचे डबे, 'कोणतीही वस्तू १५०'. चित्रं कुठायत विचारलं तर "वर ठेवलीत, सेल उठला की लावतील". मी एक चादर घेतली. खोटं कशाला बोलू.

तिसरं सोमवारी. कुलूप. चौथं सोमवारी. कुलूप. पाचव्याला रिक्षावाल्यानेच सांगितलं, "ताई, आज सोमवार." अंजनेरीचं नाणी संग्रहालय खरं तर बाबांसाठी होतं, पण तोवर त्यांचा पाय दुखायला लागला होता आणि माझं डोकं.

दोन दिवसांत एकच गोष्ट नीट समजली, ती गंगेवर. (तिथे गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून मीही.) दुतोंड्या मारुतीपाशी फुलं विकणाऱ्या एका मावशींनी लेकाला उभं केलं आणि पूर कसा मोजतात ते दाखवलं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की दुकानदार सावध, कमरेला आलं की फुलांच्या टोपल्या वर, गळ्याशी आलं की सराफ बाजारात पाणी. १९६९च्या पुराचं त्या अशा सांगत होत्या जणू परवाचीच गोष्ट. तिकीट नाही, पाटी नाही, आणि मुलाला सगळं पाठ.

तर प्रश्न असा: आमचंच चुकलं, की नाशकात हे असंच आहे?

पंचवटीकर | रविवार, रात्री १०.५१

तुमचंच चुकलं. सोमवारी संग्रहालयं बंद असतात हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. आणि डोंबिवलीत किती संग्रहालयं आहेत म्हणे?

चाफेकळी | रविवार, रात्री १०.५८

एकही नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले.

तर्रीबाज | रविवार, रात्री ११.१५

नाशकात येऊन म्युझियम?? ताई, सकाळी मिसळ, वर बुधाची जिलबी, दुपारी झोप, संध्याकाळी गंगेवर चक्कर. सहा ठिकाणांची यादी करायचीच होती तर मिसळीची करायची. पापड, दही, लाल रस्सा, काळा रस्सा, एकेका ठिकाणचा मसाला वेगळा. अभ्यासाला भरपूर वाव.

जुनी नोंदवही | सोमवार, सकाळी ७.०५

मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संग्रहालयात नोकरी करून निवृत्त झालो. थोडं आमच्या बाजूने.

अंधाराबद्दल. सगळाच अंधार विजेचं बिल वाचवायला नसतो. कापड, पोथ्या, जलरंगातली चित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नाही असा दंडक आहे. प्रकाशाने रंग एकदा उडाला की परत येत नाही. तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. पण दगडाच्या मूर्तीला असलं कुठलंच पथ्य नाही, तिला हवा तेवढा उजेड द्या. त्यामुळे तुमच्या शिपाईबुवांनी दिवा मालवला तो बिलासाठीच, हे मान्य.

पाटीबद्दल. वस्तू आली की आधी तिची नोंदवहीत नोंद होते: क्रमांक, माप, माध्यम, कुठून आली, कोणी दिली, स्थिती काय. वहीत कधीकधी अर्धं पान भरून माहिती असते. लेबल लिहिणारा त्यातले पहिले दोन-तीन रकाने उचलतो आणि मोकळा होतो. 'मूर्ती. दगड. मध्ययुगीन.' हे लेबल नाही, नोंदवहीचे रकाने आहेत. खरी गोष्ट 'कुठून आली' या रकान्यात असते आणि ती वही कपाटात कुलुपात असते.

सोमवारचं कारण साधं आहे. रविवारी लोक येतात म्हणून रविवारी उघडं ठेवायचं, मग आम्हाला सुट्टी कधी? राहिला 'जुनं आहे'. बहुतेक ठिकाणी आता दारावरचा माणूस कंत्राटी असतो, त्याला किल्ल्यांचा जुडगा देतात, माहिती देत नाहीत. आमच्या वेळी एक पहारेकरी होते, चौथी पास. प्रत्येक वीरगळ ते तोंडपाठ सांगायचे, कारण आमचे अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर, रोज चहाला त्यांना एक मूर्ती समजावत. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी माणूस आला, चहा नाही आला.

वाचनमात्र | सोमवार, सकाळी ९.३०

चहाचं वाक्य भारी. वाचतोय.

गारगोट्या | सोमवार, दुपारी १.१०

मुलासाठी सिन्नरचं गारगोटी बघायला हवं होतं. माळेगाव एमआयडीसीत आहे, शिर्डीच्या रस्त्यावर. आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोटातून निघालेले झिओलाइट आणि इतर स्फटिक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थंड झाल्यावर त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढत गेले. स्टिल्बाइट पिसाऱ्यासारखा, स्कोलेसाइट सुयांच्या जुडीसारखा. विहीर खणताना, खडी फोडताना हे सापडतं, आणि कित्येकदा खडीबरोबर रस्त्यात जातं. माझी दोन्ही पोरं तिथून हलत नव्हती. सिन्नरात गेलातच तर गोंदेश्वराचं देऊळही बघून घ्या, तिथे शोकेस नाही आणि उजेडही भरपूर.

खापरतुकडा | सोमवार, रात्री ११.४०

दिवसभर हा धागा डोक्यात होता. पुरातत्त्व शिकतो, मूळचा नाशिकरोडचा. चाफेकळीताई, तुमच्या बाबांना नाण्यांचा नाद आणि मुलाला सातवाहन, आणि तुम्ही पांडवलेणी यादीत घेतली नाहीत? संग्रहालय नाही म्हणून? मग हे वाचा, लांब आहे.

१९०६ साली जोगलटेंभीला, म्हणजे सिन्नर तालुक्यात दारणा गोदावरीला मिळते तिथे, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी. सगळी मूळची नहपानाची, क्षहरात कुळातल्या क्षत्रपाची (क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता). पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसराच ठसा होता. नहपानाचं डोकं तसंच, त्याच्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची चिन्हं ठोकलेली. नाणी वितळवायची सुद्धा तसदी घेतली नाही. तुझा चेहरा राहू दे, वर माझा शिक्का. नाणंशास्त्रात याला पुनर्मुद्रांकन म्हणतात. काही नाण्यांवर नहपानाचं नाक आणि सातवाहनांचा चैत्य (कमानींच्या डोंगरासारखं चिन्ह) एकाच वेळी दिसतो. रेव्हरंड स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नहपानाला कोणी संपवलं हा प्रश्न बराचसा मिटला.

आता लेणी. गावापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून त्रिरश्मी डोंगर. चोवीस लेणी, पांडवांशी संबंध शून्य. पायऱ्या चढून गेलात की दोनच लेणी नीट बघा, १० नंबर आणि ३ नंबर.

१० नंबर नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. ३ नंबर गौतमीपुत्राच्या आईचं, गौतमी बलश्रीचं. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तिने ते दान दिलं. तिच्या लेखात मुलाचं वर्णन आहे: 'खखरात-वस-निरवसेस-करस', म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा. आणि 'तिसमुद-तोय-पीत-वाहन', ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. आता गंमत बघा. ज्यांचा वंश निःशेष केला असं ती लिहिते, त्यांच्या जावयाचं लेणं त्याच रांगेत, चालत दोन मिनिटांवर. आणि तिच्या लेण्याचा आराखडाही त्याच लेण्यावर बेतलेला. नाण्यावर जे केलं तेच डोंगरात. दोन्ही पुरावे नाशिकच्या पंचक्रोशीतले, पण लेणी जागेवर आहेत आणि नाणी देश-परदेशात पांगली. तुम्ही ज्या खोल्यांत फिरलात तिथे ही जोडी कोणी शेजारी शेजारी मांडली असती तर तुमच्या लेकाने शिपाईबुवांना प्रश्नच विचारला नसता.

बाबांसाठी आणखी एक. १० नंबरच्या ओसरीत उषवदाताचा एक लेख आहे, वर्ष ४२चा. तो चक्क मुदत ठेवीचा कागद आहे. त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं, 'अपडिदातवा वधिभोजा'. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा. गणित बाबांना करू द्या.

चाफेकळी | मंगळवार, सकाळी ६.५०

बाबांना रात्रीच वाचून दाखवलं. ते उठून बसले. दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०. भागिले वीस, बरोबर बारा. "अगं, हिशेब जुळतो!" आईला उठवून सांगितलं. आईने "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

पंचवटीकर | मंगळवार, सकाळी ८.१५

हे मला साठाव्या वर्षी कळतंय. लेण्यांवर शंभरदा गेलो असेन, पावसात भजी खायला. ओसरीत उभा राहून खाल्ली त्याच लेखाखाली.

तर्रीबाज | मंगळवार, सकाळी ८.४०

@पंचवटीकर काका, भजी कोणत्या लेण्यात, १० की ३? इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

मेनरोडवरचा | मंगळवार, सकाळी ११.२०

खापरतुकडा, गोष्ट छानच. पण मूळ तक्रार बाजूला पडतेय. लेण्यांची गोष्ट चांगली म्हणून बंद दिव्यांचं आणि चादरींच्या सेलचं समर्थन होत नाही. हे फाळक्यांचं गाव. त्र्यंबकला जन्म, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला आणि त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं, पुढचे चित्रपट इथे केले, १९४४ साली इथेच वारले. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. देशाच्या नोटा १९२८ पासून नाशिकरोडला छापल्या जातात. एवढं असलेल्या गावात बाहेरच्या माणसाला दोन दिवसांत सांगायला फुलवाली मावशी सोडून कोणी भेटू नये? आणि सुट्टीच्या दिवसाची पाटी दारावर लावण्यापेक्षा आधी कळण्याची सोय नको?

जुनी नोंदवही | मंगळवार, दुपारी ३.००

मेनरोडवरचा यांच्याशी सहमत. वरच्या माझ्या प्रतिसादात कारणं होती, सबबी म्हणून नव्हेत.

एक भर. नाशिकच्या जुन्या गढीवर सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ साली उत्खनन केलं. जोर्व्याच्या उत्खननाबरोबर त्याचा अहवाल १९५५ साली डेक्कन कॉलेजने काढला. महाराष्ट्राच्या इतिहासपूर्व काळाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या पायातला तो एक दगड. गढी अजून गंगेच्या काठावर उभी आहे आणि पावसाळ्यात तिची माती ढासळल्याची बातमी येते, ती सुद्धा काठावरच्या घरांना धोका म्हणून. घरांची काळजी आधी हे बरोबरच. पण त्या ढासळणाऱ्या मातीच्या थरांत दोन-तीन हजार वर्षं आहेत, हे बातमीत कधी वाचलं नाही.

वाचनमात्र | मंगळवार, दुपारी ३.२५

अंजनेरीबद्दल कोणी लिहील का? जायचा विचार आहे.

खापरतुकडा | मंगळवार, रात्री ९.००

@वाचनमात्र, मी दोनदा गेलोय. त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरी डोंगराच्या पायथ्याशी. नाणंशास्त्राची ही संस्था १९८०ची, परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली. मूळ काम संशोधनाचं, त्यामुळे झगमगाटाची अपेक्षा ठेवू नका. पण आहत नाण्यांपासून (ठसे ठोकलेली सर्वांत जुनी नाणी) पुढे क्रम लावलेला आहे आणि नाणं पाडायचे कसे हेही समजतं. आधी फोन करून जा. बरोबर नाण्यांचा नाद असलेलं माणूस न्या, नाहीतर अर्ध्या तासात बाहेर याल. चांदवडच्या जुन्या टांकसाळीतला रुपया माहीत असलेले आजोबा असतील तर उत्तम, त्यांना बाहेर काढावं लागतं.

तर्रीबाज | मंगळवार, रात्री ९.१२

वाटेत सातपूरला मिसळ. हे लिहायचं राहिलं तुमचं.

चाफेकळी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.३५

धागा वर काढतेय. काल-आज पुन्हा जाऊन आलो, फक्त बाबा, मी आणि लेक, शनिवार-रविवार. सोमवार टाळला, टोमणे नकोत.

शनिवारी अंजनेरी. फोन करून गेलो. बाबा दोन तास. लेक सव्वा तास, मग बाहेर कुत्र्याशी खेळला. बाबांना ठसा मारलेली नाणी समोर दिसल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, "आमच्याकडे चेकवर खाडाखोड केली तर बाद व्हायचा." एवढंच.

रविवारी सकाळी लेणी. खापरतुकडा यांचा प्रतिसाद छापून नेला होता. बाबांचा पाय बघता वर नेऊ नये असं आई म्हणत होती, पण ते थांबत थांबत चढले. १० नंबरच्या ओसरीत लेकाने कागद वाचला, बाबांनी भिंतीवर अक्षरं शोधली. ब्राह्मी दोघांनाही येत नाही. तरी 'हेच ते' असं दोघांचं एकमत झालं. मागच्या भिंतीत कोरलेला स्तूप नंतर कोणीतरी तासून त्याचा भैरव केलाय, ते लेकाच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "इथे पण शिक्का मारला." शेजारून जाणाऱ्या एका कुटुंबाने विचारलं, काय आहे हो इथे? लेकाने सगळं सांगितलं, व्याजदरासकट. ते काका म्हणाले, बारा टक्के? कुठल्या पतपेढीत?

बाबांचं म्हणणं, ज्येष्ठ नागरिकांना सुद्धा आज एवढं मिळत नाही, आणि उषवदाताला व्याजावर कर कापू नये म्हणून पंधरा-एच फॉर्म भरावा लागला नाही.

मग त्यांनी हट्ट धरला, गोवर्धनला जायचं. जिथे ठेव ठेवली ते गाव बघायचं. गंगापूर रस्त्याला गाव अजून आहे. पोचलो. ओसरी नाही, लेख नाही, साधं गाव, टपरीवर चहा. बाबांनी टपरीवाल्याला विचारलं, इथे कोष्टी राहतात का कोणी? विणकर?

तो म्हणाला, "कोष्टी? ते येवल्याला, काका. पैठणी घ्यायची का?"

पंचवटीकर | रविवार, रात्री ९.५०

मुद्दल परत मागितली नाही ना बाबांनी?

चाफेकळी | रविवार, रात्री ९.५३

विचारणार होते. लेकाने सांगितलं, आजोबा, अपडिदातवा.